कंपनी बदलली त्या वर्षीचं गाऱ्हाणं

आधीच सांगून टाकतो, मी हट्टी माणूस आहे आणि त्याची मला काडीची लाज नाही. सव्वीस वर्षं माझ्या घरात एकाच कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर, एकाच कंपनीचे स्पीकर आणि एकाच कंपनीचा टेपडेक होता. बिघडला की दुरुस्त करायचा आणि अगदीच मेला की त्याच कंपनीचा दुसरा आणायचा. माझ्या पडवीत बसून कुणी दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं तर त्याला चहा मिळायचा, पण कोरा.

मी बोटीवर इलेक्ट्रिशियन होतो. मालवाहू बोट, वर्षातले दहा महिने पाण्यावर आणि उरलेले दोन रेडीजवळच्या आमच्या गावात. पहिला सेट मी सिंगापूरला घेतला आणि मुंबईहून एसटीने गावी आणला. कंडक्टर म्हणाला, खोकी टपावर टाका. म्हटलं, टपावर तू बस. दोन स्पीकरांची दोन तिकिटं काढली आणि ते सावंतवाडीपर्यंत ऐटीत बसून आले. मी उभा होतो. गावात ही गोष्ट अजून सांगतात आणि मीही ती सांगू देतो.

त्या कंपनीच्या आवाजाचं मला वेडच लागलं होतं. कसा भारदस्त, भरलेला आवाज! पखवाजाची थाप पोटात लागायची. गाणारा कितीही किडकिडीत असो, माझ्या पडवीत तो पैलवान होऊन गायचा. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खाऱ्या हवेनं वायरींची टोकं हिरवी पडत. दर महिन्याला मी ती कानशीनं घासून लखलखीत करायचो. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि म्हणायची, "माज्या बांगड्यो काळ्यो पडल्यो तरी तुमी कदी इतक्या मायेन बघूक नाय." मी म्हणायचो, तुझ्या बांगड्यांतून आवाज तरी कुठे येतो? यावर ती जे काही पुटपुटायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण खरं सांगायचं तर या सगळ्या वेडाचं मूळ एका कॅसेटमध्ये होतं.

आमच्याकडे देवाला सांगितल्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नाही. त्या सांगण्याला गाऱ्हाणं म्हणतात आणि ते घालायचं असतं. गावच्या जत्रेला सगळ्या गावाच्या वतीनं एक माणूस देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. लेकरांची चूकभूल पदरात घे, पिकापाण्याला यश दे, दर्यावर गेलेल्यांना सुखरूप आण. प्रत्येक मागणीनंतर जमलेलं गाव एका सुरात म्हणतं, "व्हय म्हाराजा!" हा मान आमच्या घराचा. माझा बाप आयुष्यभर गाऱ्हाणं घालत आला. एका वर्षी माझी सुट्टी नेमकी जत्रेला जुळली. मी माझ्याच कंपनीचा रेकॉर्डर देवळाच्या खांबाशी ठेवला आणि दोन्ही बाजूंना माइक लावून बापाचं पुरं गाऱ्हाणं टेप केलं. पुढच्या जत्रेला मी अटलांटिकमध्ये होतो आणि बाप या जगात नव्हता. बोट काही मागे वळवता येत नाही. मी घरी पोचलो तेव्हा बाराव्यालाही महिना उलटून गेला होता.

मग ती कॅसेट. सेटवर लावली की बापाच्या आवाजानं घर भरून जायचं. माळ्यावरचे नारळ हलतील असा आवाज! डोळे मिटले की मला माझा बाप देवाला हुकूम सोडताना दिसायचा. ही कंपनी नसती तर असा बाप मला कुठे मिळाला असता? मी तिच्याशी इमान राखलं ते उगाच नाही. कॅसेट झिजेल म्हणून ती मी पेन ड्राइव्हवरही उतरवून घेतली, पण वाजायची ती त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर, त्याच स्पीकरांतून.

बापानंतर गाऱ्हाणं घालायला काका उभे राहिले. बापाचे धाकटे भाऊ. त्यांनी ते इतकी वर्षं चोख निभावलं. मी निवृत्त होऊन कायमचा घरी आलो, तरी त्यांच्या जागेकडे बघायची माझी प्राज्ञा नव्हती. पण गेल्या वर्षी काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. चतुर्थी आटोपल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि घोगऱ्या आवाजात सांगितलं, "औंदा जत्रेक गाऱ्हाणा तू घालूचा. माज्या घशात आता कायएक रवला नाय. पण जमला तरच घाल. नायतर मान खालच्या घराकडे जातलो, आणि एकदा गेलेलो मान परत येणा नाय."

खालचं घर म्हणजे आमच्याच भावकीतलं दुसरं घर. माणसं वाईट नाहीत, पण बापाच्या जागी त्यांच्यातला कुणी उभा राहणार ही कल्पनाच मला सहन होईना. म्हटलं, काका, चिंता सोडा. शिकवायला खुद्द बाप आहे माझ्याकडे.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. सेट लावायचा, व्हॉल्यूम चढवायचा आणि बापाच्या बरोबरीनं गरजायचं. शब्द तर मला पाठच होते, आता तो दणका साधायचा होता. बायको स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. शेजारच्यांचा कुत्रा आठवडाभर आमच्या अंगणात फिरकला नाही. माझी छाती मात्र फुगत चालली होती. मग एका सकाळी काका काठी टेकत आले, पडवीत बसले आणि म्हणाले, घाल बघू. मी उभा राहिलो आणि असा काही आवाज लावला की काकांनी कानावर हात ठेवला.

"अरे मेल्या, देव काय भैरो नाय!" ते म्हणाले. "तुझो बापूस असो खंय बोलायचो?"

"काका, पुरावो आसा माज्याकडे," म्हणत मी कॅसेट लावली. काका मान खाली घालून पुरं गाऱ्हाणं ऐकत राहिले. शेवटी उठत म्हणाले, "तुज्या पेटयेतलो माणूस माका ओळखीचो वाटणा नाय. पंधरा दिसांनी परत येतंय. तवापण असोच आरडलंस तर मी खालच्या घराक सांगतलंय."

माझं डोकं असं सणकलं! घशाचं ऑपरेशन झालेला माणूस मला आवाजाची अक्कल शिकवणार? म्हातारपणी विसर पडतो, भावाचा आवाजसुद्धा विसरतो माणूस, असं मी बायकोला तीनदा सांगितलं. ती नारळ खवत होती.

आणि नेमका दुसऱ्याच दिवशी, गाऱ्हाणं ऐन रंगात आलं असताना, अ‍ॅम्प्लिफायरमधून जळका वास आला आणि सगळं गप्प झालं. उघडून बघितलं तर ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा. तसला ट्रान्सफॉर्मर आता जगात कुठे मिळत नाही, हे सांगायला मला दुसरा कुणी नको होता. जत्रा महिन्यावर आणि काका चौदा दिवसांवर. मी पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि बांद्यावरून म्हापसा गाठलं.

दुकानदार माझ्याच वयाचा, शांत गोंयकार. मी माझ्या कंपनीचं नाव सांगितल्यावर त्यानं मला दुकानाच्या एका कोपऱ्यात नेलं. तिथे कमरेएवढे उंच, प्लॅस्टिकचे खांब उभे होते. त्यांत लाल-निळे दिवे पळत होते, खाली चाकं होती, वर ओढायला दांडा होता आणि बाजूला गाणं म्हणायचा माइक टांगलेला. दांड्याखाली माझ्या कंपनीचं नाव होतं, अक्षरं तीच. दुकानदारानं सांगितलं की मूळची कंपनी केव्हाच बंद झाली, नाव तेवढं कुणीतरी विकत घेतलं. ज्याच्या भरवशावर अख्खा जन्म काढला तो घर सोडून निघून जावा आणि दारावर पाटी तेवढी राहावी, तसं मला झालं. मी त्या खांबाला लाथ मारणार होतो. चाकं होती म्हणून मारली नाही, रस्त्यावर गेला असता.

दुकानदारानं मला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. समोर दोन साधे लाकडी स्पीकर होते, दिवे नाहीत, काही नाही. कंपनी बघितली आणि मी कपाळाला हात लावला. हिलाच तर मी आयुष्यभर नावं ठेवत आलो होतो! हिचा आवाज म्हणजे बिनमिठाची पेज, हे वाक्य माझं, आणि ते आमच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. "पयलीं आयक, मागीर उलय," आधी ऐक, मग बोल, असं म्हणून दुकानदारानं माझा पेन ड्राइव्ह लावला.

स्पीकरमधून एक बारीक, थकलेला आवाज आला. हळू बोलणारा, मध्येच थांबणारा. शब्द माझ्या बापाचे होते, पण आवाज शाळेतल्या शिपायाचा असावा तसा. मी ताडकन उठलो, पेन ड्राइव्ह उपसून घेतला आणि म्हणालो, हा माझा बाप नव्हे. तुझ्या मशीनमध्ये दम नाही. आणि चालता झालो.

घरी येऊन मी बायकोला हातवारे करून सगळं सांगितलं. ती बांगडे साफ करत होती. "कसो होतो आवाज?" तिनं विचारलं. मी टिंगल करायची म्हणून तो बारीक आवाज काढून दाखवला, मध्येच थांबून, श्वास घेऊन. तिचा हात थांबला.

"परत करून दाखवा."

मी परत केला. ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "उद्या माका थंय घेवन चला. माका ऐकाचो आसा."

सव्वीस वर्षांत या बाईनं माझ्या सेटवरचं काही ऐकायला म्हणून मागितलं नव्हतं. मी म्हटलं, तुला गो आवाजातलं काय कळतं? तशी ती चिडली. लग्नापासून इतकी चिडलेली मी तिला चार-पाचदाच बघितली असेन. "तुमी वर्साक दोन म्हयने ह्या घरात. मी मामंजींका बारा वर्सां रोज ऐकलंय. सकाळी पेज मागताना ऐकलंय, जप करताना ऐकलंय, तुमची चिठी वाचताना ऐकलंय. तेंचो आवाज कसो होतो ता माका इचारा, त्या पेटयेक कित्याक इचारतास?"

मी उठून सकाळच्या गाडीची वेळ बघितली. मला गप्प बसवणारी माणसं कमी आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं म्हापशाला गेलो. दुकानदारानं मला बघून हसू दाबलं आणि बायकोला सोफ्यावर बसायला सांगितलं. ती अगदी कडेला टेकली, मांडीवर पिशवी धरून. पेन ड्राइव्ह लागला. आधी देवळातली कुजबुज, मग घंटा, मग तोच बारीक आवाज. "बा म्हाराजा, बारा पाचाच्या देवा..."

बायको उठून उभी राहिली.

पिशवी सोफ्यावर राहिली, पदर दोन्ही खांद्यांवर आला आणि मान खाली गेली. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर बसत नसे. बाप पडवीत येऊन बोलायला लागला की ती जिथे असेल तिथे अशीच उभी राहायची. हे तिनं ठरवून केलं नाही, तिच्या अंगानंच केलं. पुरं गाऱ्हाणं संपेपर्यंत ती म्हापशाच्या त्या दुकानात दोन लाकडी खोक्यांसमोर तशीच उभी होती. आमच्या घरातल्या सेटवर ही कॅसेट हजार वेळा लागली असेल. तेव्हा ती खुशाल बसून भाजी निवडायची. म्हणजे हजार वेळा आमच्या घरात कुणीतरी परका माणूस बोलत होता आणि ते फक्त तिच्या अंगाला ठाऊक होतं.

मग मी ऐकायला लागलो. पहिल्यांदाच म्हणा ना. बाप गरजत नव्हताच. तो देवाच्या शेजारी बसून घरातलं काही सांगावं तसा बोलत होता. एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा. त्या थांबण्यात डावीकडून बायका आणि उजवीकडून पुरुष "व्हय म्हाराजा" म्हणत, प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू यावा असं. आणि गावाचा आवाज विरला की पुढच्या वाक्याआधी एक बारीक शिट्टीसारखा आवाज. प्रत्येक वेळी. पाचव्या-सहाव्या वेळी माझ्या लक्षात आलं की तो बापाचा श्वास आहे.

"तेंका दमो होतो?" मी बायकोला विचारलं.

"चार वर्सां," ती मान वर न करता म्हणाली. "तुमका कळवूचा नाय म्हणान सांगितल्यानी. पोरगो दर्यार आसा, तेच्या जिवाक घोर नको."

मी रडलो. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, रुमाल न काढता. माझा बाप थांबून थांबून बोलायचा तो रुबाबासाठी नव्हे, त्याला श्वास पुरत नव्हता. ते सगळं त्या टेपमध्ये होतं, मी स्वतःच्या हातानं टेप केलं होतं, आणि माझ्या लाडक्या कंपनीनं त्या प्रत्येक श्वासावर मधाळ, जाड आवाजाची गोधडी घातली होती. कंपनीला मी दोष देत नाही. तिनं मला जे आवडतं ते दिलं. घरी नसलेल्या मुलाला बाप धडधाकट हवा होता, आणि धडधाकट बाप त्या सेटमध्ये मिळत होता. दुसरं कुठेतरी शोधायला मी घरी होतो कुठे?

त्याच दिवशी ती पेजेची कंपनी आमच्या घरात आली. गावात बोंब झाली. ज्यांना मी कोरा चहा पाजला होता ते एकेक करून बघायला आले आणि म्हणाले, "ह्या काय रे? आवाज खंय गेलो?" मी सांगितलं, आवाज आहे तिथेच आहे, तुमचे कान साफ करून या. मी चुकलो होतो हे मी मान्य करतो, पण म्हणून दुसऱ्यानं ते मला सांगावं असं थोडंच आहे?

काका यायचे तोवर मी आरडाओरडा केला नाही. रोज सकाळी ऐकायचो आणि मग स्वतःच्या आवाजात म्हणायचो. बापाची नक्कल करायचीही सोडून दिली, कारण त्याच्यासारखा दमा मला नाही आणि उगाच धापा टाकणं हे सोंग झालं असतं. नक्कल टाकल्यावर उरला तो माझा साधा, जरा किनरा आवाज. तो मला कधीच आवडला नव्हता. बायको आता स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवत होती.

काका ठरल्या दिवशी आले. मी गाऱ्हाणं घातलं. त्यांनी काठीच्या मुठीवर टेकलेली हनुवटी उचलली आणि एवढंच म्हटलं, "बरा. जत्रेक घाल."

जत्रेच्या दिवशी देऊळ फुलून गेलं होतं. बाहेर खाज्याची दुकानं, आत माणसांना पाय ठेवायला जागा नाही. मुंबईकर चाकरमानी आलेले, खालच्या घरातली झाडून सगळी माणसं पुढच्या रांगेत. माइकवाल्यानं माइक माझ्या तोंडाशी आणून धरला. मी तो बाजूला केला. लोकांत चुळबुळ झाली, मागून कुणीतरी ओरडलं, ऐकाक येवचा नाय! म्हटलं, मगे फुडे येवा. माणसं सरकत सरकत जवळ आली, इतकी की त्यांच्या अंगाची ऊब मला लागायला लागली.

"बा म्हाराजा," मी सुरुवात केली. सगळं ओळीनं सांगितलं. पिकापाण्याचं सांगितलं, माशांचं सांगितलं, आजारी माणसांचं सांगितलं. गाव "व्हय म्हाराजा" म्हणत होतं आणि मी त्यांना म्हणायला पुरेसा वेळ देत होतो. शेवटी चूकभुलीचं वाक्य येतं. पिढ्यान् पिढ्या ते ठरलेलं आहे आणि मी ते पाठ केलेलं होतं. पण माझ्या तोंडातून वेगळंच आलं.

"आणि बा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान आपल्या बापाशीक लांबसून ऐकल्यान. आपणाक होयो तसो मोठो करून ऐकल्यान. बापाशीक धाप लागत होती, ती ऐकूक नाय. ती चूक पदरात घे रे म्हाराजा."

हे कशाबद्दल आहे, ते त्या गर्दीत दोघातिघांपलीकडे कुणाला कळणार? पण गाऱ्हाण्यात कोण काय मागतो याची गाव चौकशी करत नाही. मागितलं की साथ द्यायची. क्षणभरही न थांबता सबंध देवळातून आलं, "व्हय म्हाराजा!" खालच्या घरातली माणसंही म्हणाली. बायकांच्या बाजूनं एक आवाज जरा उशिरा आला. तो माझ्या बायकोचा होता.